लोखंडाला विटाळ

"तू वरून कशाला बघतोस? वरून बघायचं काम आमचं. तुला समोर दिसतं तेवढं काढ."

ड्रॉइंगचे मास्तर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. मी बाहेर व्हरांड्यात गोणपाटावर. धुळ्याची उद्योगशाळा. सरकारी हुकूम होता, म्हणून महाराच्या पोराचं नाव पटावर घातलं. उंबऱ्याच्या आत घ्या, असं हुकमात लिहिलेलं नाही म्हणे.

शिकवणं होतं यंत्राच्या भागांचा कच्चा नकाशा काढायचं. पट्टी नाही, कंपास नाही. नुसता हात आणि पेन्सिल. आधी मधली रेघ, मग तिच्या दोन्ही अंगांना सारखा आकार. एकाच वस्तूची तीन चित्रं: समोरून, वरून, बाजूनं. ती बघून कारागिराला तशीच वस्तू घडवता यावी. मला हे फार आवडायचं.

त्या दिवशी टेबलावर कापसाच्या जिनातल्या यंत्राचं बेअरिंग ठेवलेलं. पोरं उठायची, हातात घ्यायची, उलटंसुलटं करून बघायची. मला दारातून एकच बाजू दिसे. तेवढी काढली. वरून कसं दिसतं विचारलं, तर हे उत्तर.

उठलो. उंबरा ओलांडला. बेअरिंग दोन्ही हातांनी उचललं, खिडकीपाशी नेलं आणि वरून पाहिलं. सावकाश पाहिलं. पोरं भिंतीला चिकटली.

"ठेव ते खाली! बाहेर हो!"

"नकाशा झाला की होतो."

हिसकावून घ्यायचं तर मला शिवावं लागणार. म्हणून मास्तर लांबूनच ओरडत राहिले. माझं चित्र झालं, मी बेअरिंग ठेवलं. मग त्यांनी शिपायाकडून तांब्या मागवला आणि बेअरिंगवर पाणी शिंपडलं.

लोखंडावर पाणी! यंत्रं शिकवणारा माणूस. गंजाला भ्याला नाही, माझ्या बोटांना भ्याला. तोवर मला त्याची भीती वाटायची. त्या क्षणी किळस आली. असल्या माणसापुढं मी मान खाली घालून बसत होतो?

नाव कापलं. निरोप आला, माफी माग, व्हरांड्यातली जागा परत मिळेल. बाप जळगावच्या जिनात हमाल. धावत आला.

"त्याना पाय धर, भाऊ. सारं बठ्ठं शिकी ले, मंग बोल."

"शिकसू, आबा. पण आत बसीसन."

बाप रडला. मी पाय धरले नाहीत. भुसावळला एका फिटरच्या हाताखाली राहिलो, उरलेलं तिथं शिकलो.

पुढल्या साली वस्तीतली दोन पोरं घेऊन त्याच शाळेत गेलो. तोच मास्तर दारात आडवा झाला.

"यांची जागा बाहेर."

"आत बसतील. नाहीतर आज कुणीच बसणार नाही."

तिघं दारातच बसलो. आम्हाला ओलांडून कुणी आत जाईना. विटाळाची भीती! वर्ग भरला नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो. उद्याही जाणार. शाळेला कुलूप लागलं तरी जाणार. जागा आतच पाहिजे. आणि ती मिळाली, तर उपकार कुणाचेच मानणार नाही.