मधली दोन पानं

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे शिवणमावशी म्हणायचे. दारातून आधी दोऱ्याचं रीळ आत यायचं, मागून ती. छापील कागदांच्या घड्या, म्हणजे फर्मे, ती एकावर एक शिवायची. फर्मा मधोमध उघडायचा, सुई घालायची, मिटायचा. कडा कापायच्या बाकी असल्यामुळे इतर पानं जोडलेलीच असत. म्हणून जन्मभर तिने पुस्तकं वाचली ती मधल्या दोन पानांपुरती.

एकदा ती जायची त्याच चर्चचं काम आलं. जुन्या काळच्या एका प्युरिटन, म्हणजे कडक ख्रिस्ती पंथाच्या, उपदेशकाची प्रवचनं, नव्याने छापलेली. रविवारचा गोड उपदेश तिच्या अंगावरून ओघळून जायचा. या गृहस्थाने थेट मानगूट धरली. ‘तुझं देवावर प्रेम आहे, की तू फक्त नरकाला भितेस?’ असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. ती घाबरली. तरी हात पुढच्या फर्म्याकडे वळला. तिच्या आत्म्याची एवढी काळजी आजवर कुणी केली होती?

पण पुढच्या मधल्या पानांवरही तेच. घाव, नुसता घाव. ‘देवाने तारायला आधीच निवडलेल्यांत तू आहेस कशावरून?’ रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटायच्या भाकरीचं, ताट आलं, तसं तिने ते न शिवता पुढे सरकवलं.

“चोरीबिरी केलीस की काय?” घरी नवरा म्हणाला. “केली असलीस तर निम्मी माझी.”

ती हसली नाही. “देवाने निवडलेल्यांत मी नसलेच तर हो?”

नवरा चपला न काढताच तिच्या शेजारी येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी ती एक प्रत घेऊन कटिंग मशीनवाल्या काकांपुढे उभी राहिली. “ही आधी कापा.”

“डिंक ओला आहे, मावशी.”

“असू दे. कापा.”

कडा सुटल्या. उभ्या उभ्या तिने पान उलटलं, आणखी एक उलटलं. “अहो काका, हा माणूस पुढे बोलतोय.”

“पुस्तक आहे, पुढे बोलणारच. आता बाजूला व्हा.”

एकेक प्रवचन एकेका फर्म्यात बसलं होतं. घाव मध्यावर, मलम शेवटी. मेलेलं मन घाबरत नाही, उपदेशक सांगत होता; तू थरथरतेस, तर तशीच प्रभूच्या ताटापाशी ये.

रविवारी ताट पुन्हा आलं. भीती तिळभरही कमी नव्हती. भाकरीचा तुकडा तिने उचलला खरा, पण हात असा कापत होता की तो खाली पडू नये म्हणून नवऱ्याने खालून ओंजळ धरली.