काड्यांवर बसलेले आबा

अभयारण्याच्या फाटकावर आबा सगळ्यांत आधी हात पुढे करायचे. तो हात रामरामासाठी नसे, काडीपेटीसाठी असे. शेजारी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. काडीपेट्या, लायटर, सगळं त्यात जमा; परत जाताना ज्याचं त्याला. एकदा मोठ्या गाडीतून उतरलेल्या एका साहेबांनी विचारलं, "मी कोण आहे माहीत आहे का?" आबा म्हणाले, "ते माहीत नही. पन तुमना खिसामा लायटर शे, ते माहीत शे." साहेबांनी निमूट लायटर काढून दिला.

आबा माझ्या बाबांचे चुलते. चाळीसगावच्या दक्षिणेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी त्यांचं गाव. उन्हाळ्यात ते रोजंदारीवर जाळरेषा काढायचे, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा पट्टा ठेवायचा. वय झालं, काम सुटलं, फाटक मात्र सुटलं नाही. गाव त्यांना 'वणवा आबा' म्हणायचं. ज्याच्याशी माणूस उभा जन्म भांडला, त्याचंच नाव त्याला चिकटवलं. गाव मोठं खट्याळ!

सुट्टीत आम्ही पाचोऱ्याहून गेलो की आबा आम्हाला जंगलात न्यायचे. बिबट्या दिसेल का, असं विचारलं की म्हणायचे, "तो तुमले देखी ऱ्हायना. तेवढं बस शे." मग उन्हातल्या काळ्या कातळावर आमचे तळवे ठेवायला लावायचे. "तापेल शे ना? आजून इझेल नही." सहलीबरोबर आलेल्या एका प्राध्यापकांनी त्यांना सांगितलं होतं की हा सगळा डोंगर म्हणजे जमिनीतून उसळलेला, थरावर थर गोठलेला लाव्हा आहे. तो अजून विझलेला नाही, अशी आबांनी मनाशी पक्की खूणगाठ बांधली होती.

माझ्या ताईचं लग्न ठरलं तेव्हा धरणगावचे व्याही पहिल्यांदाच पाहुणे म्हणून आले. ऐन हिवाळा, भरताचे दिवस. बाबांच्या डोक्यात आलं, पाहुण्यांना थेट जंगलात, ओढ्याकाठी भरीत खाऊ घालायचं. टेम्पोत हिरवी लांब वांगी, भरीत कुटायची बडगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आणि वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांचा मोठा भारा. फाटकावर आबाच आहेत, घरचा माणूस, अशी बाबांची खात्री.

आबांनी भारा पाहिला. तो टेम्पोतून खाली ओढला आणि त्यावर मांडी घालून बसले.

"आबा, उठा. पाव्हना देखी ऱ्हायनात," बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

"देखू दे."

"चार वांगा भाजाले डोंगर जळस का?"

"हाऊ डोंगर एक डाव जळेल शे. आते दुसरा डाव नही."

बाबांचं डोकं फिरलं. त्यांनी खिशातून काडीपेटी काढली. आबा जागचे हलले नाहीत. "पेटाडा," म्हणाले, "मन्हासकट पेटाडा."

दीड तास आबा तसेच बसून होते. शेवटी व्याही गाडीत जाऊन बसले आणि कच्ची वांगी पाचोऱ्याला परत आली. ताईच्या लग्नाची पत्रिका आबांना गेली नाही. "चारचौघांत माझं नाक कापलं," म्हणत बाबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आबांचं बरोबर होतं, हे मला तिथेच कळलं होतं. वीस वर्षांची घोडी होते, तरी तोंड उघडलं नाही. त्याची लाज अजून गेलेली नाही.

लग्नानंतर मी गुपचूप आबांना भेटायला गेले. त्यांनी बाबांबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. एवढंच म्हणाले, "थंडं भरीत खाईसन कोनी मरस नही, हाई तुन्हा बापले सांग." मी सांगितलं नाही. हिंमतच झाली नाही.

मागच्या पावसाळ्यात आबा गेले. बाबा अंत्यविधीला आले, पण लांबच उभे राहिले. हिवाळा लागला आणि एका सकाळी त्यांनी स्वतःच शेतात वांगी भाजली, भरीत डब्यात भरलं आणि मला म्हणाले, "चल, आबांच्या डोंगरावर जाऊ." मग म्हणाले, "थंडंच खाऊ." आबांचा निरोप न देताच पोचला होता.

फाटकावर एक टेम्पो उभा होता. सात-आठ धट्टीकट्टी माणसं, खाली उतरवलेला काड्यांचा भारा, आणि त्यांना परोपरीनं समजावणारा एकटा पहारेकरी. त्याला कुणी जुमानत नव्हतं. बाबांनी डबा माझ्या हातात दिला, सरळ त्या भाऱ्यापाशी गेले आणि गुडघा धरून हळूहळू त्यावर बसले.

"ओ काका, तुमी कोन?" त्यांच्यातला एक ओरडला.

"वणवा आबाना पुतन्या," बाबा म्हणाले. "हाऊ डोंगर एक डाव जळेल शे. मी उठत नही."

या वेळी मी गप्प उभी राहिले नाही. डबा खाली ठेवला आणि बाबांना खेटून बसले. कपाशीच्या काड्या फार टोचतात हो. आबा त्यांच्यावर दीड तास बसले होते.