वहिनींची सीट

मोठी गाडी घ्यायची ठरली ती वहिनींच्या नावाखाली, आणि त्या गाडीत वहिनींना बसायला जागा राहणार नाही अशी व्यवस्था मी माझ्या हाताने केली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू सजवायला लागलो तर वाचणाऱ्याच्या लक्षात येईल. मी तापट माणूस आहे. तापट माणसं पोटात काही ठेवत नाहीत, असा आमच्या शिवाजी पेठेत एक गैरसमज आहे आणि त्याचा मी आयुष्यभर फायदा घेतला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी सातवीत होतो तेव्हा त्या लग्न होऊन या घरात आल्या. माझ्या नोकरीचा पहिला डबा त्यांनी भरला आणि छत्तीस वर्षांनी शेवटचाही त्यांनीच. भावाला जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची मुलगी बेळगावला दिलेली, माझी पोरं नोकरीपायी बाहेरगावी. खालच्या मजल्यावर वहिनी, वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको, आणि स्वयंपाकघर एकच, खालचं.

मी एका फौंड्रीत ड्राफ्ट्समन होतो. यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढण्यात जन्म गेला, त्यामुळे रिटायर झाल्यावर हात शिवशिवायला लागले. एक छोटी जुनी व्हॅन घेतली, मागच्या सीट काढल्या, प्लायवूडचा पलंग ठोकला, त्याखाली शेगडी आणि चार भांडी बसवली. पहिल्यांदा आम्ही दोघं राधानगरीच्या बाजूला गेलो. सकाळी दार सरकवलं, चहा केला आणि दोन तास एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. खालून कुणी हाक मारली नाही, कुणी बेल वाजवली नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि असे दोन तास आम्हाला पहिल्यांदा मिळाले होते. त्या दोन तासांची मला चटक लागली.

पुढे एकदा वहिनींना त्यांच्या माहेरी न्यायचं होतं, बिद्रीच्या अलीकडच्या एका खेड्यात. पुढे दोनच सीट, तिथे मी आणि बायको, त्यामुळे वहिनी मागे पलंगावर बसल्या, पाय लांब करून, कारण त्यांचे गुडघे दुमडत नाहीत. ऊस तोडणीचे दिवस होते, कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी मोठ्या हौसेने वर ठोकलेली सामानाची फळी त्यांच्या डोक्याला लागायची.

"भावजी, गाडी झ्याक हाय तुमची," वहिनी मागून म्हणाल्या, "फकस्त माझं डोकं तेवढं ज्यादा झालंय."

मी हसलो, पण ओशाळलोही. त्यांच्या माहेरी चहा घेताना मी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "पुढची गाडी मोठी घेतोय. वैनीस्नी ऐसपैस सीट, खिडकीला!" आमच्याकडे शब्द द्यायचा तो चार माणसांत आणि मोठ्याने. परतताना वहिनींनी विचारलं, "मोठ्या गाडीतनं समुद्रावर जाता येतंय न्हवं? समुद्र बघितलाय मी, पर तिथं राहिलो न्हाय कधी. सकाळी उठल्या उठल्या समोर समुद्र पाहिजे." येतंय की, मी म्हणालो.

हातकणंगल्याला दोन गाड्या बघितल्या. एक लांबीला आखूड, पण छत उंच. दुसरी शाळेची मुलं ने-आण करून दमलेली लांबलचक मिनीबस. बायको म्हणाली आखूड घ्या, पेठेच्या गल्लीत ही लांबडी वळवणार कशी? मी म्हणालो, आखूड गाडीत पलंग बसतो, ओटा बसतो, वहिनींची सीट बसत नाही. त्या सीटला अडीच फूट लागतात. हे ऐकून विकणारा पान थुंकून म्हणाला, "पावणं, दोघांसाठी एवढी गाडी? वरात काढणार हाय काय?"

"तिघं हाय आम्ही," मी ऐटीत सांगितलं. लांब गाडी घेतली.

आतली मांडणी कागदावर कितीही काढली तरी ती खऱ्या मापात आखून तिच्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही, हे मला नोकरीने शिकवलं होतं. एका रविवारी सकाळी गल्लीत सडा टाकला आणि गाडीच्या आतली लांबी-रुंदी जमिनीवर रांगोळीने आखायला बसलो. पेन्सिल धरून जन्म गेलेल्या माणसाला रांगोळीची एक सरळ रेघ येईना. वहिनींनी माझ्या हातातून वाटी काढून घेतली. मी दोरी ताणून धरायची आणि त्यांनी चिमटीतून रेघ सोडायची. पलंग गाडीच्या रुंदीत आडवा, एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला खिडकीजवळ सीट. जाणारा येणारा थांबून बघत होता. तालमीतला एकजण म्हणाला, "काय वो, कबड्डीचं मैदान हाय का?" वहिनी म्हणाल्या, "माझी गाडी हाय ही, चपला काढून आत या." शेवटची सीटची चौकट त्यांनी स्वतःच आखली आणि सवयीने तिच्यात हळदी-कुंकवाची चिमूट सोडली. मग घरातून स्टूल आणून त्या चौकटीत बसल्या. गल्लीच्या मध्यभागी, गुडघे पुढे करून, अदृश्य खिडकीतून समोरच्या किराणा दुकानाकडे बघत.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "हितनं दिसतंय सगळं."

ड्रॉइंग घेऊन मी उद्यमनगरातल्या एका बॉडीवाल्याच्या शेडमध्ये गेलो. त्याने कागद बघितला, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सायेब, ही कॉट आडवी टाकली तर तुमचं पाय कुठं जाणार? दुमडून झोपणार रोज?"

मी सहा फुटाला एक इंच कमी आहे, गाडीची आतली रुंदी त्याहून कमी. ते मला माहीतच होतं. दुमडू पाय, असं ठरवूनच मी ड्रॉइंग केलं होतं.

"कॉट उभी टाका की," तो म्हणाला. "लांब पाय सोडून झोपा. आन् मग हितं कोपऱ्यात छोटं बाथरूमबी बसतंय."

"आणि ही सीट?"

"सीट जाती. न्हायतर कॉट आडवीच ठेवा, सीट बसती. दोन्ही न्हाय व्हायचं. ठरवा तुम्ही, मी चहा सांगतो."

चहा यायच्या आत माझं ठरलं होतं.

पाय हे निमित्त, बाथरूम हेही निमित्त. बायकोला बाथरूम हवं होतं आणि ते रास्तच होतं, पण त्यासाठी मी सीट काढली असं म्हणणं खोटं होईल. वहिनी प्रवासात अखंड बोलतात. दिसेल त्या गावात त्यांचं कुणीतरी दिलेलं असतं आणि तिथला सगळा इतिहास ऐकावा लागतो. मला त्या राधानगरीच्या सकाळसारख्या सकाळी हव्या होत्या, दोघांच्या. हे हवंसं वाटणं वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. वाईट हे, की त्यांच्या नावाने मी अडीच फूट मिळवले आणि मग ते स्वतः वापरले. "वैनीस्नी काय सांगणार?" बायकोने विचारलं. मी बघतो, म्हणालो. तिने पुन्हा विचारलं नाही.

मी जे सांगितलं ते असं. दुपारी जेवायला बसलो होतो, वहिनी तव्यावरची भाकरी वाढत होत्या.

"वैनी, ती बाजूची सीट नियमात बसत न्हाय म्हणं. तिला पट्टा लागतोय, तो त्या जागी बसत न्हाय. गाडी पास व्हायची न्हाय."

"व्हय?" वहिनी म्हणाल्या. भाकरी त्यांनी ताटात ठेवली. "मग राहू दे की. नियमाला काय करणार." आणि लगेच, "पडदं कोण शिवणार? बाजारातलं नको. मला माप द्या."

पुढचे आठ दिवस खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता. आवाज सुरू झाला की मी पायात चप्पल घालून तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो. सहा खिडक्यांचे पडदे, गादीची खोळ, उशांचे अभ्रे. पडद्यांना आतून जाड अस्तर लावलं, सकाळचं ऊन माझ्या बायकोच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. आणि त्यातला एक पडदा अर्धा इंच आखूड झाला तर मी त्यांच्यावर खेकसलो, "माप दिलतं की! बघून कापायचं न्हाय व्हय?" वहिनींनी पडदा उसवला आणि खाली पट्टी जोडून पुन्हा शिवला. मी आयुष्यात पुष्कळ लोकांवर विनाकारण ओरडलो आहे, पण त्या अर्ध्या इंचाची शरम अजून गेलेली नाही.

गाडी तयार होऊन गल्लीत आली तेव्हा शेजारपाजार जमला. वहिनी ताट घेऊन औक्षणाला उभ्या राहिल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं, माझ्या हातात नारळ दिला. बॉडीवाला स्वतः गाडी घेऊन आला होता. तो खुशीत होता आणि त्याचा आवाज मूळचाच शेडमध्ये घणाशी स्पर्धा करणारा.

"वैनी, आत बघा कसं झालंय ते! तुमची सीट तेवढी ऱ्हायली बघा. मी म्हणलतो बसती म्हणून, पर सायबांनी काढाय लावली."

जमलेले लोक माझ्याकडे बघायला लागले.

वहिनी गाडीला कुंकू लावत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "मीच नको म्हणलं त्यास्नी. ह्या गुडघ्यांस्नी घिऊन कुठं जाऊ लांब? तुम्ही चहा घिऊन जावा, कपात ओतलाय." मग माझ्याकडे वळल्या. "फोडा की नारळ, भावजी."

मी नारळ फोडला. तो एका घावात फुटला म्हणून लोकांनी वा वा केली.

तिसऱ्या दिवशी गाडी परत शेडमध्ये नेली. पलंग कापून आडवा केला, बाथरूम काढलं, खिडकीला सीट बसवली. बॉडीवाला म्हणाला, "सायेब, हे पयल्यांदाच केलं असतं तर?" मी खिशातून पैसे काढून मोजायला लागलो. बायकोचं बाथरूम गेलं. ती एवढंच म्हणाली, "गप्प मीबी बसलोतो."

गाडी परत आणली तेव्हा वहिनी दारात मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर पायरीवर बसलो. त्यांच्यापाशी काही कबूल करण्याचा प्रसंग माझ्यावर यापूर्वी आला नव्हता. चुका मी पुष्कळ केल्या होत्या, पण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"वैनी, तो नियम-बियम काय नव्हता."

"ठावं हाय मला."

"त्या दिवशी त्यो बोलला म्हणून?"

"न्हाय. तुम्ही सांगितलंसा त्याच दिवशी." वहिनींनी एक जुडी सोडून दुसरी घेतली. "सरकारनं कुठला नियम काढला की तुम्ही दोन दोन दिवस शिव्या घालतासा. त्या दिवशी एक शिवी न्हाय. गुमान भाकरी खाल्लासा."

मला हसू आलं. मग मी म्हणालो की चुकलं माझं, सीट बसवून आणली आहे, खिडकीजवळ, त्यांनी आखली होती तिथेच. परवा निघू, समुद्रावर. चार दिवस राहू. वहिनी उठून गाडीपाशी आल्या, दारातून आत वाकून सीट बघितली, तिच्यावरून हात फिरवला. "झ्याक झालीय," त्या म्हणाल्या. चढल्या मात्र नाहीत. परत येऊन मेथीपाशी बसल्या.

"तुम्ही दोघं जाऊन या, भावजी."

"का? आता जागा हाय की."

"जागा हाय. पर तवा मी येणार होतो ते मला पाहिजे होतं म्हणून. आता आलो तर तुमास्नी बरं वाटावं म्हणून येणार." त्या रागावलेल्या नव्हत्या. राग असता तर मला काय करायचं ते कळलं असतं, रागाशी माझा चांगला परिचय आहे. त्यांनी निवडलेली मेथी परातीत ओढली आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "वाटंला काय करून देऊ? दशम्या का धपाटी?"

दशम्या करा, एवढंच म्हणालो.