नाजूक पोर

"मुंगी चावली समज. झालं!"

दंडावर लस टोचायची दातेरी चकती टेकवून पिळता पिळता आमचे साहेब एवढंच म्हणायचे. पोर टाहो फोडायचं, आई डोळ्याला पदर लावायची, तोवर साहेबांनी पुढच्या पोराचा दंड धरलेला असायचा. जतकडच्या वस्त्यांवर कानडी चालते. तिथं ते हेच "इरवी कडीतु" असं म्हणत. कानडी त्यांना तेवढीच येत होती आणि तीही एकाही पोराला कधी खरी वाटली नाही.

तुमच्यातल्या ज्यांच्या दंडावर देवीचे वण आहेत, त्यांनी जरा बाही वर करून बघा. दक्षिण साताऱ्यातले, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले असाल तर त्यातला एखादा वण आमच्या साहेबांचा असेल. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत. डॉक्टर कसले, सरकारी टोचणारे. मी त्यांचा शिपाई. लशीची पेटी माझ्या खांद्यावर आणि गावाच्या शिव्या दोघांच्या वाट्याला.

संस्थानं नुकतीच विलीन झाली होती आणि सांगलीहून आम्हाला थेट जतपर्यंत पाठवायला लागले होते. सर्व्हिस मोटारीनं जायचं, मग पायपीट. महिना महिना घर नाही. आम्ही शिवारात दिसलो की वस्तीवरची पोरं गायब व्हायची. एका धनगराच्या बाईनं तर तान्हं पोर घोंगड्यांच्या ढिगात लपवलं होतं. साहेबांनी ढीग उपसून पोर बाहेर काढलं. बाई पाया पडली. "आवं, नाजूक हाय वो माजं लेकरू. पुढच्या साली टोचा."

"सगळ्यांचीच नाजूक असत्यात, बाई," साहेब म्हणाले आणि पिळली चकती. "माझी दोन पोरं हायत. दोघांना बापाच्या हातानं टोचलंय मी. बोल आता!"

हे वाक्य त्यांचं हुकमी होतं. मीसुद्धा मान हलवून साक्ष द्यायचो.

माणूस दगड होता म्हणाल तर घरी परततानाचे साहेब तुम्ही बघायला हवे होते. सांगलीत मोटारीतून उतरले की चाल बदलायची. बोळाच्या तोंडाशी थोरला मुलगा उभा असायचा, तो पिशवी घ्यायचा. धाकटी शेवू, पाच वर्षांची, "आबाऽ" करत येऊन पायाला मिठी मारायची. ती खिसे चाचपायची, साहेब "न्हाई गं, काय न्हाई आणलं" म्हणायचे, आणि मग टोपीतून बोरं काढायचे. दिवसभर पोरं रडवणारा हा माणूस पोरीच्या एका हसण्यासाठी उंबऱ्यात उकिडवा बसून राहायचा. मला हसू यायचं. हेवाही वाटायचा, खोटं कशाला बोलू?

त्या साली थंडी सरता सरता आम्ही असेच परतलो. बोळात कुणी नव्हतं. साहेबांच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला होता.

डहाळ्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. घरात देवी आल्या होत्या. अशा घरात बाहेरून आलेल्यानं पाय टाकायचा नाही, ही तेव्हाची रीत. आणि आम्ही तर त्या कामाची हत्यारं घेऊनच आलो होतो. साहेबांची बायको, आमच्या वहिनी, दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"थितंच थांबा. ती पेटी घिऊन आत येऊ नका. शेवूला आल्यात."

"शेवूला?" मी म्हणालो. "तिला तर टोचलंय की, वहिनी!"

वहिनी माझ्याकडं नाही, साहेबांकडं बघत होत्या. "सांगा की त्याला. थोरल्याला टोचल्यावर आठ दिस ताप हटला न्हाई, म्हणून हिच्यावर तुमचा हात चालला न्हाई. दर साली म्हणायचं, पुढच्या साली. कागदावर तेवढं नाव घातलंसा."

साहेब खाली बघत म्हणाले, "लई नाजूक होती गं."

त्या धनगराच्या बाईचं तोंड माझ्या डोळ्यांपुढं आलं. मनात म्हटलं, बरं झालं, भोगा आता. असं मनात आलं, ते लपवत नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

आतून पोरीचा आवाज आला, "आय, आबा आलं व्हय?"

"न्हाई बाय, आबा फिरतीवर हायत," वहिनी म्हणाल्या.

ज्यांनी शंभर घरांत जबरदस्तीनं पाय घातला, त्या साहेबांनी आपल्याच दारात पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या. पोरीला पाऊल ऐकू जाऊ नये म्हणून. पुढचे वीस दिवस ते समोरच्या घराच्या ओसरीवर राहिले. पोर रोज विचारायची आणि रोज तेच उत्तर मिळायचं.

शेवू वाचली. दोन्ही डोळे गेले, आणि तोंडावर बोट ठेवायला गुळगुळीत जागा उरली नाही. साहेब आत गेले तेव्हा तिनं हात पुढं केला आणि विचारलं, "आबा, रात हाय का?"

पुढच्या हंगामात साहेब तिला फिरतीवर घेऊन निघाले. वहिनींनी आकांत केला, "पोरीचा तमाशा मांडताय?" साहेब म्हणाले, "हिला बघून दुसऱ्यांची वाचत्याल." खरंच होतं ते. वस्तीवर गेलं की ते तिला पुढं उभी करायचे, हनुवटी धरून तोंड वर करायचे आणि म्हणायचे, "ही माझी. हिला मी टोचली नव्हती." एवढंच. बाया किंचाळायच्या आणि पोरं घेऊन धावत यायच्या. इतकी पोरं आम्ही कधीच टोचली नव्हती. तिचा हात धरून मीच तिला वस्तीवस्तीला नेत होतो, तेव्हा चांगुलपणाचा आव मी आणणार नाही.

एका दुपारी साहेब वरच्या वस्तीवर गेले होते. मी आणि शेवू एका खोपटाच्या सावलीला बसलो होतो. बांगड्यांचा आवाज आला. एक बाई आमच्यासाठी ताक घेऊन येत होती. शेवू पटकन उठली. कुणी न सांगता तिनं कपाळावरचे केस मागं सारले, हनुवटी वर केली आणि ठेक्यात म्हणाली, "मला टोचलं नव्हतं. बघा, आन् पोराला घिऊन या."

बाईच्या हातातला तांब्या हिंदकळला.

साहेब मागं येऊन उभे होते, ते मला तेव्हाच दिसले. त्यांनी विचारलं, "कुणी शिकवलं गं तुला?"

शेवू आवाजाकडं वळून खुशीत हसली. "तुमीच की, आबा. बराबर केलं न्हवं?"

साहेब आता ह्या जगात नाहीत, पण तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरू शकलेलो नाही. बाई ताक तिथंच ठेवून धावत गेली, आणि एक पोर कडेवर, एक हाताशी घेऊन परत आली. साहेब खाली बसले आणि त्यांनी चकती तापवायला स्पिरिटचा दिवा पेटवला.