छत्रीवाल्या दाजींचा कान

रविवार, ६ एप्रिल. रामनवमी. पिंपरी पेंढारच्या वस्तीवरचा मारुती, सप्ताहाचा पहिला दिवस. मंडपात हजर: माझी थोरली बहीण अक्का, तिच्या शेजारच्या साऱ्या बाया, सप्ताह कमिटीचे गेनभाऊ, साऊंडवाला बबन आणि मी. यांतल्या प्रत्येकाच्या कानात कापूस होता. फक्त एका माणसाच्या कानात नव्हता. ते म्हणजे अक्काचे मालक, आमचे दाजी. आणि कापूस त्यांच्यासाठीच घातलेला होता.

दाजींना सगळे छत्रीवाले दाजी म्हणत. वस्तीवर केबल आली नव्हती, तेव्हा त्यांनी नारायणगावच्या एका दुकानातून जाळीची मोठी डिश आणून धाब्यावर बसवली. घरातल्यांना त्यावर क्रिकेट आणि मालिका पाहायच्या होत्या. दाजी पाना घेऊन छत्री फिरवत, खिडकीतून अक्का ओरडे, "आलं... गेलं... आवो, आलं व्हतं की!" असंच फिरवता फिरवता एक दक्षिणेकडचा चॅनल लागला. उघड्या अंगाचा एक माणूस हातभर लांब वाद्य फुंकत होता. दाजी खाली आले ते पाना हातात ठेवूनच उभ्याने ऐकत राहिले. वाद्याचं नाव त्यांना कधी कळलं नाही. "सनईची थोरली भैन हाय," एवढंच म्हणाले. छत्री तिथेच आवळून टाकली. घरात दोन दिवस अबोला होता.

त्यानंतर त्यांनी बंगाली बायांची गाणी शोधली, पंजाबी शोधली, कुठल्या देशाचे ते न कळणारे ढोल शोधले. भाषेचा एक शब्द कळत नसे. पाहुणे आले तरी टीव्ही बंद होत नसे. चहा यायचा, पाहुण्याने तो गाणं ऐकतच प्यायचा. मी माझ्या गावाहून, कळंबहून, जायची ती कामं घेऊनच. बचत गटाचे कागद, अक्काची औषधं, बियाण्याची पिशवी. दारातच दाजी म्हणायचे, "आल्या यादीवाल्या बाई. बस जरा, त्या यादीत एक गाणं घाल."

चॅनलची नावं ते आवाजावरून ठेवत. एक तांब्याचा, एक पत्र्याचा, एक विहिरीतला. टीव्हीला त्यांनी जुना ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची दोन लाकडी खोकी जोडली होती. एखादा चॅनल चकचकीत पण उथळ वाजला, की टोमॅटो पिकवणाऱ्या दाजींचा शेरा येई, "लांबच्या मार्केटला धाडायचा म्हणून कच्चाच तोडलाय ह्यो आवाज." डीजेच्या दणक्याबद्दल विचारलं तर म्हणत, "ती मारामारी. त्यात गाणं कुठं हाय?"

हा कान पुढे वस्तीच्या कामी आला. सप्ताहात कीर्तनाआधी दाजी मंडपात तीन ठिकाणी बसून ऐकायचे: महाराजांपुढे, मधल्या खांबापाशी आणि शेवटी पार मागे, बायांच्यात. पुरुषाने तिथे जाऊन बसायची रीत नव्हती. दाजींनी ती पाडली. पूर्वी मागच्या बायांना कीर्तनाची नुसती घरघर ऐकू यायची. त्यांनी एक खोकं फक्त बायांच्या बाजूला लावायला लावलं. ते हात वर करीत, मग बबन गेनभाऊंकडे पाही आणि मग महाराज उभे राहत. दाजींचा हात वर गेल्याशिवाय कीर्तन सुरू झाल्याचं मला आठवत नाही.

गेल्या काही वर्षांत त्यांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. कुकरची शिट्टी झाली तरी ते शांत. मोबाइल खिशात वाजत राही. आमच्या लक्षात आलं होतं. त्यांच्या लक्षात आलं ते वेगळंच: चॅनलवाले आवाज दाबायला लागले, असं ते म्हणत. सप्ताहातही तसंच झालं. टाळ ऐकू येत नाहीत म्हणून ते बबनला खूण करीत, वर घे, अजून वर घे. बबन घेई. मंडपात टाळ सुईसारखे टोचत. लहान मुलं रडत. दाजी समाधानाने हात वर करीत.

आता इतक्या माणसांत एकाने तरी सांगायचं की नाही? आमच्याकडे मानाच्या माणसाला खाली बघायला लावत नाहीत. मी एकदा गेनभाऊंना म्हटलं, तुम्ही अध्यक्ष आहात, सांगा. ते म्हणाले, "ताई, ज्या माणसानं बायांना कीर्तन ऐकवलं त्याला मी सांगू, तुला ऐकू येत न्हाई म्हणून?" मग बायांनी आपली वाट काढली. समईच्या वातींसाठी कापूस येतोच, त्यातला थोडा कानात. पुढच्या वर्षी पुरुषांनीही घातला. सप्ताहाचं सामान माझ्याकडे असतं. मी कापसाचं पुडकं वाढवून आणलं. व्यवस्था चोख झाली याचं मला बरंही वाटलं होतं.

त्या रविवारी कीर्तन रंगात असताना दाजी नेहमीप्रमाणे मागे आमच्यात येऊन बसले. अक्काने त्यांना पाण्याचा तांब्या द्यायला मान वळवली आणि डोक्यावरचा पदर घसरून कानातला कापूस दिसला. दाजींना वाटलं, हिचा कान दुखतोय. त्यांनी खुणेने विचारलं. अक्काने पदर परत ओढून घेतला. तेव्हा त्यांनी शेजारणीकडे पाहिलं, तिच्या शेजारणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुडकं माझ्या मांडीवर होतं. समोर गेनभाऊंनी घाईने टोपी कानावर ओढली.

दाजी उठून बबनपाशी गेले. मी मागोमाग गेले, कारण काहीतरी करायला हवं असं मला नेहमीच वाटतं. ते बबनला एवढंच म्हणाले, "खाली घे. तुझ्या कानानं घे."

बबन म्हणाला, "जाऊ द्या ना दाजी, चाललंय की."

"घे म्हणतो ना."

त्याने खाली घेतलं. दाजी मंडपाच्या मागून, कनातीच्या फटीतून घरी गेले. आणि इकडे एकेकाने कानातला कापूस काढला. टाळ फार गोड वाजत होते. बायांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, माझ्याही दिसत असणार. त्या गोडीची मला अजून लाज वाटते.

दाजी पुन्हा मंडपात आले नाहीत. त्यांनी कोणाला बोल लावला नाही. अक्काला म्हणाले, लोकांच्या पोरांचे कान मी फोडले, त्यांना कुठल्या तोंडानं भेटू. मंचरच्या डॉक्टरांकडून मी त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. एक दिवस घालून त्यांनी ते फडताळात ठेवलं. "पत्र्याचं हाय. आवाज येतो, गाणं येत न्हाई." टीव्ही मात्र लावत, अक्का ठेवील तेवढ्या आवाजावर.

गणपतीत मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं. त्यांचा तो दक्षिणेकडचा चॅनल चालू होता. म्हणाले, "सुमन, तू याद्या करती ना? मला एक करून दे. हितं बसायचं, आन् ह्याच्यात काय काय वाजतंय ते सगळं लिहायचं. मी माझं ताडून बघतो. ऐकू येत न्हाई त्याचं काय न्हाई गं, वय झालं. पर काय ऐकू येत न्हाई, ते तरी कळाया पायजे."

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात निवांत बसू. पुढच्या आठवड्यात गटाची बैठक होती. मग कांद्याची रोपं, मग दिवाळी. मला वेळ काढता येत नाही असं कधी होत नाही, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. मला त्यांच्याशेजारी बसून, हे वाजतंय, तुम्हाला येतंय का, असं विचारायचं नव्हतं. मार्गशीर्षात छातीत कळ येऊन दाजी गेले.

काल मी अक्काकडे गेले होते. तिने आपणहून तो चॅनल लावला आणि टीव्हीसमोर मला खुर्ची दिली. मी वहीत 'टाळ' लिहिलं, मग 'मोठी सनई', मग 'ढोलकीसारखं काहीतरी'. त्यामागे आणखी एक बारीक आवाज होता, मध्येच येई, मध्येच जाई. तो कशाचा ते मला ओळखता येईना. अक्कालाही येईना. गाणं संपलं, जाहिराती लागल्या. चौथी ओळ लिहायची राहिली आहे.