सात गाठींची दोरी

माझी धाकटी बहीण चांद्याच्या मुलींच्या वसतिगृहात राहून शिकली, हे आमच्या नात्यात सगळ्यांना माहीत आहे. ती आज स्वतःच्या पायावर उभी आहे, आणि त्याचं श्रेय लोक मला देतात. लग्नकार्यात कोणीतरी हा विषय काढतंच. मी पानावरचा भात कालवत राहतो. आता पन्नाशीला आलो, म्हणून लिहितो.

तेव्हा गडचिरोली जिल्हा व्हायचा होता, सगळा मुलूख चांद्यातच, म्हणजे आताच्या चंद्रपुरात, मोडायचा. वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीपासून दिवसभराच्या पायवाटेवर, एका गोंड गावात मी एकशिक्षकी शाळेवर होतो. वय चोवीस. चौथीपर्यंतची शाळा, एकच खोली. त्या वर्षी चौथी पास झालेली मुलगी एकच. तोवर तिथून एकही मुलगी चौथीपर्यंत पोचली नव्हती. मी तिला शिकवलं असं म्हणणं जास्तीचं होईल. ती ऐकायची आणि तिला यायचं.

चांद्याच्या त्या वसतिगृहात गरीब मुलींसाठी पूर्ण नादारीच्या थोड्या जागा होत्या. राहणं, जेवण, फी, सगळं माफ. एप्रिलमध्ये मी या मुलीला आणि तिच्या बापाला घेऊन परीक्षेला गेलो. सावलीला आमचं घर होतं, तिथून माझ्या बहिणीलाही आणलं होतं. तिचीही चौथी त्याच वर्षी झाली होती. वडील वारलेले. दाखल्यावर आईचं नाव होतं, मुलगा नोकरीला आहे का हे त्यात विचारलेलं नव्हतं आणि मी सांगितलं नाही. जागा भरल्या. प्रतीक्षायादीत माझी विद्यार्थिनी पहिली आली आणि बहीण दुसरी.

बहिणीसाठी काकांनी स्थळ पाहून ठेवलं होतं. शाळा मिळाली तर थांबू, नाहीतर दिवाळीनंतर उरकू, असं ठरलं होतं. ती अकरा वर्षांची होती.

जूनअखेर बुधवारच्या बाजारात टपालवाल्यानं मला कार्ड दिलं. आमच्या गावाचं टपाल बाजारातच मिळायचं. एक जागा रिकामी झाली होती. यादीतल्या पहिल्या मुलीला सोमवारपर्यंत हजर करावं, न आल्यास दुसरीला घेऊ. खाली बारीक अक्षरात होतं, अडचण असल्यास शिक्षकांनी लेखी कळवावं, जागा आठ दिवस राखू.

गुरुवारी सकाळी मी मुलीच्या बापाकडे गेलो. तो अंगणात नांगराचा फाळ ठोकत होता. कार्ड वाचून दाखवलं. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

"सोमवार?" तो म्हणाला. "सोमवारी कसं जमंल, गुरुजी? गाव बांधलं आहे ना."

पेरणीआधी त्यांच्यात गाव बांधतात. भुमका, म्हणजे गावाचा पुजारी, शिवेवर पूजा करतो, वाटांवर फांद्या आडव्या टाकतो, आणि बियाण्याचा सण होईपर्यंत गावातलं कोणी शीव ओलांडत नाही. ओलांडली तर रोगराई आत येते आणि त्याचा दोष त्या घरावर जातो.

"मी तर काल बाजारात जाऊन आलो," मी म्हटलं.

"तुमाले काय होते! तुमचं नाव आमच्या देवाच्या यादीत नाई," बायको म्हणाली, आणि दोघंही हसले.

मग तो घरात गेला आणि माहुलीच्या वेलाच्या सालीची वावभर लांब दोरी घेऊन आला. बसून तिला सण संपेपर्यंतच्या दिवसांइतक्या गाठी मारल्या. सात. दुसऱ्या दोरीलाही तितक्याच मारल्या, ती आढ्याला अडकवली. लग्नाचा, सणाचा सांगावा ते असाच धाडत. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की तो दिवस.

"हे वसतिगृहाच्या बाईले द्या," तो म्हणाला. "रोज एक सोडाले सांगजा. सात सुटल्या का आमी निंगालो समजा. वाट मले माहीत आहे, तुमी नाई आले तरी चालते."

त्याच्या लेखी काम झालं होतं. दोरी पोचली म्हणजे शब्द पोचला. मी म्हटलं, "बाईंना कळवतो."

शाळेत आल्यावर मी कोरं कार्ड काढलं. दौत उघडली. पत्ता लिहिला आणि थांबलो. दोन ओळींचं काम होतं. गाव बांधलेलं आहे, मुलगी पुढच्या शुक्रवारी हजर होईल. मी ते कार्ड पुस्तकात ठेवलं. फाडलं नाही, तेव्हा मला याचं समाधान वाटलं होतं. शनिवारी शाळा सोडून निघालो, रविवारी नदीवर आलो, डोंग्यातून पार झालो आणि सावलीला घरी आलो. आईला म्हटलं, हिची तयारी कर.

"पह्यली पोरगी नाई जाऊन राह्यली का?" आईनं विचारलं.

"त्यांचं काही खरं नाही."

"मग तं देवच पावला, बाबू."

मंगळवारी मोटारीच्या थांब्यावर बहिणीच्या वळकटीचा सुंभ तुटला. आई माझी पिशवी चाचपू लागली. तिच्या हाताला ती दोरी लागली. "चांगली मजबूत आहे," म्हणत तिनं वळकटीला दोन वेढे घातले. मी पाहत होतो. गाठी कापडावर एका ओळीत आल्या. मोटार आली.

वसतिगृहाच्या बाई नागपूरकडच्या, कामात काटेकोर. रजिस्टर उघडून म्हणाल्या, "पहिल्या मुलीचं काय झालं?"

"पालक नाखूष आहेत," मी म्हणालो.

"असंच होतं हो. आपण कितीही करा. एवढं तिच्या नावापुढे लिहून सही करा, म्हणजे मला पुढचीला घेता येईल."

मी लिहिलं. पालक नाखूष. माझं अक्षर चांगलं होतं.

पुढच्या सोमवारी शाळा उघडली तर मुलीचा बाप ओट्यावर बसलेला. शुक्रवारी तो मुलीला घेऊन चांद्याला जाऊन आला होता. मुलीची घोंगडी, चिंचेनं घासलेली थाळी, पाच पायल्या तांदूळ डोक्यावर. बाईंनी सांगितलं, जागा भरली. तो भांडला नाही. फाटकाशी थोडा वेळ थांबला होता.

मला वाटलं, आता विचारेल.

"गुरुजी, दोरी पाह्यली मी," तो म्हणाला. "तिथी वऱ्हांड्यात वळकट्या ठेवल्या होत्या पोरींच्या. एकीले बांधली होती. माझ्या हातच्या गाठी, वळखू येते ना."

मी हातातली किल्ली खिशात टाकली.

"साती गाठी तश्याच! एक नाई सोडली बाईनं." तो हसला, पण त्याला ते मनापासून वाईट वाटलं होतं. "तुमी नेऊन देली, पण तिले समजलंच नाई. शहरातली बाई, तिले काय ठावं गाठी कश्या सोडाच्या. वळकटी बांधून टाकली! तुमी तिले नीट सांगतलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

रजिस्टरात लिहिलेल्या दोन शब्दांचं मी मनाशी समर्थन करू शकतो. बहिणीचं लग्न, आईची परिस्थिती, काका. पुष्कळ वर्षं केलंही. या एका शब्दाचं करता येत नाही. तिथे मला काहीच मिळवायचं नव्हतं, बहीण पोचली होती. समोरचा माणूस माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून माझी बाजू घेत होता, आणि मी ती घेऊ दिली.

मुलगी त्या पावसाळ्यात शाळेत येऊन मागे बसायची. पाचवी नव्हती, तरी यायची. लहानांच्या पाट्या पुसायची. मी तिच्याशी कामापुरतं बोलायचो. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली.

पुढच्या जूनमध्ये गाव बांधायच्या बऱ्याच आधी बाप शाळेत आला. हातात नवी दोरी.

"औंदा लवकर आलो," तो म्हणाला. "औंदा तुमी बाईच्या समोर बसून पह्यली गाठ सोडून दाखवजा. मंग तिले येईन."

मी त्याला सांगितलं, नादारीची जागा त्याच वर्षी पास झालेल्या मुलीलाच मिळते, आता तिला घेत नाहीत. नियम खरा होता. रजिस्टरात तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात काय लिहिलंय, ते सांगितलं नाही. ते वाचल्यावर बाई या गावातल्या दुसऱ्या मुलीलाही बोलावतील की नाही, हा विचार मी आधीच करून बसलो होतो. हिवाळ्यापर्यंत मी बदली मागून घेतली.

त्यानं दोरी एकदा हातात फिरवली. मग ती माझ्या टेबलावर ठेवली आणि उठला.

"असू द्या तुमच्याजवळ," तो म्हणाला. "कोनाच्या तरी पोरीले लागंल."