ओढू नका, ढील द्या

भाताच्या खाचरापुढं आमच्या मालकांना बायको दिसत नाही, हे मी लग्न झाल्यापासून बघत आलेय. गेल्या पावसाळ्यात लावणी नुकतीच आटोपली होती. सकाळपासून कोसळत होता, खाचरं तुडुंब भरली, तसे हे फावडं घेऊन ओढ्यापलीकडं निघाले, बांधाला तोंड पाडून पाणी काढून द्यायला. म्हटलं, "डोंगराकडं काळंमिट्ट झालंय, नका जाऊ." तर म्हणाले, "रोप कुजल्यावर काय खानार हायेस, माझं डोकं?"

परत येताना ते ओढ्याच्या मध्यावर होते आणि वरून लोंढा आला. कसेबसे मधल्या उंबराला जाऊन बिलगले. बघता बघता पाणी छातीला लागलं. अलीकडच्या काठावर सारी वाडी गोळा झाली. पट्टीचे पोहणारे गडी होते, पण त्या पाण्यात उतरायची कुणाची हिंमत होईना. मी देवाला हात जोडत होते आणि मधूनच मालकांना शिव्या घालत होते, दोन्ही अगदी मनापासून.

कुणीतरी फोन केला होता, म्हणून भोरहून अग्निशमनची गाडी आली. एक म्हातारबा म्हणाले, "आता बंब कशाला? पानी कमी पडलं व्हय?" दोघंतिघं फिसकन हसले. मला असा संताप आला!

गाडीतून चौघं उतरले. त्यांतला एक तरणा गडी लाइफ जॅकेटाला मागून दोर अडकवून वरच्या अंगानं पाण्यात शिरला आणि वाहत वाहत बरोबर उंबराला लागला. त्यानं मालकांना दुसरं जॅकेट चढवलं, पाठीमागून घट्ट मिठी मारली आणि दोघांनी झाड सोडलं. दोराचं दुसरं टोक काठावर त्यांच्या साहेबांच्या हातात होतं.

इथं आमची वाडी चुकली. चिखलात रुतलेली गाडी म्हणा, विहिरीत पडलेलं जनावर म्हणा, दोर दिसला की सगळ्यांनी मिळून ओढायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. थोरल्या दिरांनी "वढा रं!" म्हणून हाळी दिली आणि झाडून सारे दोराला लागले. मीही. दोर ताणला, तसं लोंढ्यानं दोघांना खाली दाबलं. डोकीच दिसेनात.

"ओढू नका! ढील द्या!" साहेब ओरडत होते. ऐकतंय कोण? माणूस बुडतोय आणि दोर सैल सोडायचा? मी आणखीच घट्ट धरला. तेव्हा साहेब माझ्याकडं वळले. "ताई, माझाही माणूस आहे त्याच दोराला. सोडा!"

त्यांचा चेहरा पाहिला आणि माझे हात सुटले. थोरले दीर काही सोडीनात. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता मी, पण त्या दिवशी त्यांच्या मनगटावर फाडकन फटका दिला. "भावजी, सोडा म्हनते ना!"

दोर सैल झाला आणि दोन्ही डोकी भसकन वर आली. साहेब दोर धरून काठाकाठानं खालच्या अंगाला पळाले, आणि लोंढ्यानंच त्या दोघांना वळणावरच्या उथळात आणून टाकलं. पाणी ओकून झाल्यावर मालकांनी पहिलं काय विचारावं? "बांध ऱ्हायला का गं?"

"बांध गेला खड्ड्यात!" मी सगळ्यांदेखत ओरडले आणि तिथंच चिखलात बसून हमसून हमसून रडले. इतकं हलकं मला बाळंतपणातून सुटल्यावरही वाटलं नव्हतं.

चौघांनी आमच्या ओसरीवर चहा घेतला. पाण्यात उतरलेला तो गडी ओल्या कपड्यांनिशीच बसला होता. त्याच्या अंगावर मी घोंगडी टाकली. चहा संपतो न संपतो तोच त्यांना किकवीकडून फोन आला आणि ते गेले.

खाचरातलं रोप बरंचसं वाहून गेलं. संध्याकाळी ताटावर बसल्यावर मालक कुरकुरले, "कालवणात मीठ न्हाई." एरवी दोन शब्द ऐकवले असते. त्या दिवशी मिठाचा डबाच पुढं ठेवला आणि त्यांचं जेवण होईस्तोवर समोर बसून बघत राहिले.